कॉइन घेऊ, पण हलाल आहे का?

मित्राची तरावीहची नमाज आटोपली आणि आम्ही मुकुंदनगरात चहाला थांबलो. त्याने मोबाइल पुढे केला. स्क्रीनवर बिटकॉइनचा भाव. ‘पहिल्या पगारातले पाच हजार टाकू का? अम्मी म्हणते, हा जुगार आहे.’

तुमच्याही ग्रुपमध्ये असा एक जण असेलच. त्याला सरळ उत्तर देणं अवघड, कारण जाणकारांचंच एकमत नाही. इजिप्तच्या ग्रँड मुफ्तींनी 2018 मध्ये बिटकॉइनचा व्यवहार नाजायज ठरवला. इंडोनेशियाच्या उलेमा कौन्सिलने 2021 मध्ये चलन म्हणून क्रिप्टो हराम म्हटलं. मलेशियात मात्र सिक्युरिटीज कमिशनच्या शरिया सल्लागार मंडळाने 2020 मध्ये नोंदणीकृत एक्स्चेंजवरच्या व्यवहाराला मुभा दिली.

वाद तीन शब्दांभोवती फिरतो. रिबा म्हणजे व्याज, गरर म्हणजे सौद्यातली घातक अनिश्चितता आणि मैसिर म्हणजे जुगार.

खरं तर हा प्रश्न जुनाच आहे. आपल्या निजामशाहीत तांब्याची नाणी चालायची. सोन्या-चांदीला स्वतःची किंमत असते. तांब्याचं नाणं लोकांनी मानलं म्हणून चलन. हनफी फकीहांनी अशा नाण्यांना रूढीने झालेलं चलन मानलं. क्रिप्टोला परवानगी देणारे हाच धागा धरतात. विरोधक विचारतात, ‘इथे तर तांबंही नाही आणि राजाचा शिक्काही नाही, मग भरवसा कशाचा?’

एका गोष्टीवर मात्र वाद नाही. ‘गेनबिटकॉइन’ योजनेत महिन्याला 10 टक्के परताव्याचं आमिष होतं. मुख्य आरोपी अमित भारद्वाजला 2018 मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. भांडवलावर आधीच ठरवून दिलेला नफा म्हणजे रिबाच. तेव्हा कुणी ‘गॅरंटीड’ म्हणालं, की तिथूनच मागे फिरा. उधारीवरच्या मार्जिन ट्रेडिंगलाही बहुतेक अभ्यासक नकारच देतात.

कायद्याचंही बघा. रिझर्व्ह बँकेचं निर्बंधाचं परिपत्रक 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केलं. पण एप्रिल 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही.

म्हणून मौलानांकडे गेलात तर नुसतं ‘क्रिप्टो हलाल का?’ विचारू नका. कोणता कॉइन, पैसा स्वतःचा की उधारीचा, आणि घेताय कशासाठी, हे सगळं सांगा. अर्धवट प्रश्नाला उत्तरही अर्धवटच मिळणार.

माझा मित्र जुम्म्याला विचारणार आहे. तोवर पाच हजार खात्यातच आहेत. अम्मी खूश!