घरातील जड पाणी

डाळ तासभर चुलीवर ठेवूनही नीट शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि बंबाच्या आत पांढरा थर जमतो. ही जड, म्हणजेच दुष्फेन, पाण्याची लक्षणे होत. बेळगाव विमानतळ ज्या सांबरा गावी आहे, त्या परिसरात दख्खनचा काळा खडक आढळतो. खडकातून झिरपताना पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळतात. म्हणून विहिरीचे व कूपनलिकेचे पाणी पावसाच्या पाण्याहून जड असते.

जडपणा दोन प्रकारचा असतो. बायकार्बोनेटमुळे आलेला तात्पुरता जडपणा पाणी उकळल्याने जातो. पाणी निवू द्यावे व तळाचा साका न हलवता वरचे पाणी घ्यावे. सल्फेट व क्लोराइड यांमुळे आलेला कायम जडपणा उकळून जात नाही. कपड्यांसाठी अशा पाण्यात साबणापूर्वी धुण्याचा सोडा मिसळावा. ते पाणी पिऊ नये. तुरटीने गढूळपणा जातो, जडपणा जात नाही.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यातील जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोय नसल्यास ६०० पर्यंत चालतो. जड पाणी म्हणजे दूषित पाणी नव्हे, तसेच मऊ पाणी निर्जंतुक असतेच असेही नाही.

पावसाळ्यात पहिल्या सरींचे पाणी सोडून कौलांवरील पाणी गाळून साठवावे. डाळीसाठी व धुण्यासाठी ते वापरल्यास सरपण, साबण आणि गृहिणीचे श्रम वाचतात. पिण्यासाठी मात्र ते उकळूनच घ्यावे.