गृहपाठ कोणाचा?

इयत्ता तिसरीतील मुलगा संध्याकाळी वही उघडून बसतो. वजाबाकीची पाच उदाहरणे आणि शुद्धलेखनाच्या आठ ओळी, एवढाच गृहपाठ. प्रथम पेन्सिलीला टोक काढावे लागते, मग तहान लागते, मग रबर सापडत नाही. आईचा आवाज हळूहळू चढू लागतो. आतल्या खोलीतून आजोबा ‘आमच्या वेळी’ अशी सुरुवात करतात. नऊच्या सुमारास वही पूर्ण होते. तोवर मुलाचे डोळे भरून आलेले असतात आणि शेवटची दोन उत्तरे कोणी सांगितली, हे घरातील सर्वांना ठाऊक असते.

वास्तविक या वयातील गृहपाठ किती असावा, याबाबत शासनाचे मत स्पष्ट आहे. केंद्राच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ देऊच नये आणि तिसरी ते पाचवीसाठी तो आठवड्याला जास्तीत जास्त दोन तासांचा असावा. आठवड्याचे सहा दिवस धरले, तर रोजची वीस मिनिटे. तरीही एखाद्या मुलाला दोन दोन तास लागत असतील, तर त्याचे कारण शोधावयास हवे. शाळाच अधिक काम देते, की वीस मिनिटांचे काम घरात लांबते? आठवडाभर मुलाने वही केव्हा उघडली व केव्हा मिटली, याची साधी नोंद ठेवली तरी उत्तर मिळते. शाळेकडून काम अधिक येत असेल, तर ही नोंद घेऊन वर्गशिक्षिकांना भेटावे. ‘फार अभ्यास देता हो’ या तक्रारीपेक्षा तारीख-वेळेची नोंद अधिक सौम्य असते आणि अधिक परिणामकारकही.

काम लांबत असेल, तर प्रथम वेळेकडे पाहावे. शाळेतून आलेले मूल भुकेलेले आणि थकलेले असते. खाणे व खेळणे झाल्याखेरीज त्याला वहीसमोर बसविण्यात अर्थ नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या घरांना येथे एक सोय आपोआप लाभते. जेवणाचे घड्याळ ऋतूप्रमाणे पुढेमागे सरकते, परंतु क्रम बदलत नाही: खेळ, जेवण, आवराआवर आणि लगेच वही. लहान मुलास साडेसहा आणि सात यांतील फरक फारसा जाणवत नाही. कशानंतर काय, हे मात्र पक्के समजते. टाळावयाचे ते एवढेच की, जेवणानंतर बरीच रात्र मोकळी आहे म्हणून गृहपाठ झोपेच्या तोंडाशी ढकलणे.

यापुढील अडचण अधिक नाजूक आहे, कारण ती मदत करणाऱ्यांमुळेच उद्भवते. त्रेसष्टमधून अठ्ठावीस वजा करावयाचे आहेत. आजोबा सांगतात, “तेरातून आठ गेले, पाच. हातचा एक, दोन आणि एक तीन, सहातून तीन गेले, तीन.” मुलाला वर्गात शिकविलेले असते ते असे: सहा दशकांपैकी एक दशक सुटा करावयाचा, म्हणजे पाच दशक आणि तेरा एकक उरतात. उत्तर दोन्हीकडे पस्तीसच. परंतु आजोबा खालच्या अंकात एक मिळवितात आणि बाई वरच्या अंकातून एक काढतात. आठ वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने ही दोन थोर माणसे परस्परविरोधी बोलत असतात. तो गप्प बसतो. घरच्यांना वाटते, लक्ष नाही.

संख्यांची नावेही अशीच फसवतात. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी ऐकू येतात, लिहिताना सहा आधी लिहावे लागतात. म्हणून अनेक मुले छत्तीस लिहून मोकळी होतात. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘साठ तीन’ अशा वाचनाचाही समावेश केला, तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. वादात कोणाची बाजू घ्यावयाची ते ज्याने त्याने ठरवावे. मुलाच्या त्या चुकीमागे आळस नसतो, एवढे मात्र त्या निमित्ताने ध्यानात यावयास हरकत नव्हती.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनी आपली रीत सांगण्यापूर्वी “बाईंनी कसे शिकवले, मला समजावून सांग बरे” एवढेच विचारावे. जवळ बसावे, पण हाती भाजी निवडण्याचे किंवा हिशेबाच्या वहीचे आपले काम असावे. रबर मुलाच्याच हातात राहू द्यावे. एखादे उदाहरण चुकले आणि समजावूनही उमगले नाही, तर ते चुकलेलेच शाळेत जाऊ द्यावे, हा उपाय पालकांना सर्वांत जड वाटतो. परंतु घरी दुरुस्त करून पाठविलेली वही पाहून मुलाला कोठे अडते, ते शिक्षिकेला कसे कळावे? शिवाय चुकीच्या उत्तराने घरातली संध्याकाळ बिघडते, हे एकदा मुलाच्या मनाने घेतले की ते प्रश्न विचारणे सोडते आणि काही दिवसांनी वही दाखविणेही.

त्या तिसरीतल्या मुलाचे एक उदाहरण अखेर तसेच चुकलेले शाळेत गेले. दुसऱ्या दिवशी ते लाल गोलासह परत आले. बाईंनी मधल्या सुट्टीत काड्यांचे गठ्ठे सोडून दाखविले होते. संध्याकाळी त्याने आजोबांसमोर दहा काड्यांना रबरबँड लावले, मग ते काढून टाकले आणि विचारले, “आता सांगा, तुमचा हातचा यात कुठे आहे?” आजोबा बराच वेळ त्या काड्यांकडे पाहत राहिले.