विवाहाचे जुने परवाने आणि कुळाचा शोध

कुळाचा वृत्तांत लिहावयास बसलेल्या महाराष्ट्रीय गृहस्थापुढें घरांतील जुनीं दप्तरें, वतनाचे कागद आणि त्र्यंबकेश्वरासारख्या क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांच्या वह्या हीं साधनें असतात. इंग्लंडांत अशा शोधकापुढें प्रथम येते ती गांवच्या चर्चची नोंदवही. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम तेथें १५३८ सालीं निघाला. परंतु ही वही मितभाषी असते. १७५४ पूर्वींच्या विवाहाची नोंद बहुधा दोन नांवें आणि एक तारीख एवढ्यावरच संपते. वधू कोणत्या गांवची, वराचा धंदा कोणता, दोघांचीं वयें काय, या प्रश्नांस ती सहसा उत्तर देत नाहीं. एखाद्या जोडप्यानें परवाना काढून लग्न केलें असेल, तर मात्र हीं उत्तरें बिशपच्या कचेरीच्या दप्तरांत सांपडण्याचा संभव असतो. हें दप्तर उदार आहे. पण तें काय सांगतें आणि काय सांगत नाहीं हें जाणल्यावांचून त्याचा आश्रय करणारा शोधक भलत्याच घराण्याच्या वंशवृक्षावर जाऊन बसतो.

इंग्लंडच्या चर्चच्या नियमाप्रमाणें विवाहाचे दोन मार्ग पूर्वापार चालत आले. पहिला मार्ग पुकाराचा. उपासनेच्या वेळीं तीनदां वधूवरांचीं नांवें सर्वांसमक्ष वाचावयाचीं, आणि कोणास हरकत असल्यास ती त्यानें तेथें सांगावयाची, अशी ही रीत होती. तिला ‘बॅन्स’ म्हणत. दुसरा मार्ग परवान्याचा. बिशपला किंवा त्याच्या अधिकाऱ्याला शुल्क देऊन पुकारापासून सूट मिळवावयाची. हा मार्ग धरणारांचीं कारणें नाना प्रकारचीं असत. कोणास घाई असे, कोणास चारचौघांत नांव पुकारलेलें नको असे, कोणी परगांवीं राहत असे. पुढें पुढें तर परवाना काढणें हें प्रतिष्ठेचेंही लक्षण होऊन बसलें. कॅथॉलिक व इतर भिन्नपंथी लोकांसही १७५४ ते १८३७ या काळांत प्रस्थापित चर्चमध्येंच लग्न लावणें भाग होतें. फक्त क्वेकर व ज्यू यांस त्यांतून मोकळीक होती. अशा भिन्नपंथीयांपैकीं अनेकांस परक्या चर्चमधील पुकारापेक्षां परवाना बरा वाटे.

परवान्याच्या व्यवहारांत तीन कागद होत. पहिला खुद्द परवाना. तो वराच्या हातीं पडे व लग्न लावणाऱ्या पाद्रीकडे जाई; त्यामुळें तो क्वचितच शिल्लक राहिला आहे. दुसरा कागद म्हणजे प्रतिज्ञापत्र. आपल्या विवाहास नात्याची किंवा पूर्वविवाहाची कोणतीही बाधा नाहीं, असें बहुधा वर शपथेवर सांगे. त्यांत उभयतांचीं नांवें, वयें, राहण्याचीं गांवें, अविवाहित कीं विधुर-विधवा ही स्थिति, पुष्कळदां वराचा धंदा, आणि लग्न ज्या चर्चमध्यें लागावयाचें त्याचें नांव येई. वधू अगर वर एकवीस वर्षांखालील असल्यास आईबापांची अगर पालकाची संमति नोंदली जाई. तिसरा कागद म्हणजे जामीनकतबा. शपथ खोटी ठरल्यास अमुक रक्कम भरूं, असें वर आणि एखादा जामीन, किंवा दोन जामीन, लिहून देत. १६०४ च्या धर्मनियमांनीं शपथ आणि जामीन यांची पद्धति पक्की केली. १८२३ च्या कायद्यानें जामीनकतबा बंद झाला, प्रतिज्ञापत्र तेवढें राहिलें. हे दोन कागद कचेरींत राहत, आणि शोधकाची सारी भिस्त त्यांवरच असते.

या कागदांचें बळ आणि त्यांचा धोका हीं दोन्ही एकाच प्रसिद्ध उदाहरणांत दिसून येतात. तें उदाहरण विल्यम शेक्सपिअरच्या विवाहाचें. या विवाहाची चर्चमधील नोंद कोठेंही उपलब्ध नाहीं. वूस्टरच्या बिशपच्या दप्तरांत मात्र दोन नोंदी आहेत. २७ नोव्हेंबर १५८२ च्या नोंदींत विल्यमला टेंपल ग्राफ्टन येथील ॲन व्हेटली हिच्याशीं विवाह करण्याचा परवाना दिल्याचें लिहिलें आहे. लगेच दुसऱ्या दिवशींच्या, २८ नोव्हेंबरच्या, चाळीस पौंडांच्या जामीनकतब्यांत वधूचें नांव स्ट्रॅटफर्डची ॲन हॅथवे असें आहे.

या दोन नांवांवरून कल्पनेस भरपूर वाव मिळाला. फ्रँक हॅरिस या लेखकानें १९०९ सालीं ॲन व्हेटली हीच कवीची खरी प्रेयसी होती असें रंगविलें. परंतु दप्तराचें तेंच पान शांतपणें वाचणारास वेगळी गोष्ट दिसली. त्याच दिवशींच्या कामकाजांत क्राउल येथील विल्यम व्हेटली या पाद्रीच्या एका दाव्याची नोंद आहे. कारकुनाच्या लेखणीवर तें आडनांव घोळत असतां तें वधूच्या नांवापुढें उतरलें असावें, असें बहुतेक अभ्यासकांचें मत आहे. एका हस्तदोषानें जन्मास आलेली स्त्री अशा रीतीनें साहित्याच्या इतिहासांत वावरली. ज्यांच्यावर ग्रंथ लिहिले जात नाहींत अशा सामान्य घराण्यांच्या वंशावळींत अशी स्त्री शिरली, तर तिला बाहेर काढावयास कोण येणार?

आतां कतब्यावरील जामिनांकडे पाहावें. फुल्क सँडेल्स आणि जॉन रिचर्डसन हे ते दोघे शेतकरी. हींच नांवें १५८१ सालीं वारलेल्या रिचर्ड हॅथवेच्या मृत्युपत्रांतही येतात. त्या मृत्युपत्रांत ॲग्नेस नांवाच्या मुलीचा उल्लेख आहे, आणि त्या काळीं ॲग्नेस व ॲन हीं नांवें एकमेकांऐवजीं वापरलीं जात. अशा प्रकारें जामिनांच्या नांवांवरून वधूचें माहेर निश्चित होतें. घाईचें कारणही तारखांवरूनच उलगडतें. त्या वर्षीं २ डिसेंबरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत धार्मिक निषेधाच्या काळामुळें पुकार करतां येत नव्हता. आणि पहिली कन्या सुझॅना हिचा बाप्तिस्मा २६ मे १५८३ रोजीं झाला. जामीनकतब्यांत यांतील एक अक्षरही नाहीं. तो इतर कागदांशेजारीं ठेवला तेव्हांच बोलूं लागला.

यावरून शोधकानें घ्यावयाचा पहिला धडा असा कीं, परवाना हा विवाहाचा पुरावा नव्हे, विवाहाच्या संकल्पाचा पुरावा होय. परवाना काढूनही लग्न मोडल्याचीं उदाहरणें आहेत. म्हणून कागदांत उल्लेखिलेल्या चर्चची नोंदवही पाहिल्यावांचून ती तारीख विवाहाची तारीख म्हणून लिहूं नये. दुसरा धडा वयाविषयीं. ‘एकवीस वर्षांचा व त्यावरील’ हे शब्द केवळ ठराविक साच्याचे असतात. तो मनुष्य पन्नास वर्षांचाही असूं शकेल. त्यावरून जन्मसाल काढणें म्हणजे वाळूवर भिंत बांधणें. तिसरा धडा निवासाविषयीं. १७५३ च्या कायद्यानें त्या पॅरिशमध्यें चार आठवड्यांचा आणि १८२३ च्या कायद्यानें पंधरा दिवसांचा निवास आवश्यक ठरविला. तेव्हां कागदांत लिहिलेलें गांव हें मूळगांव असेलच असें नाहीं. तें चार दिवसांचें बिऱ्हाडही असूं शकतें. चौथा धडा जामिनांविषयीं. जामीन पुष्कळदां आप्त किंवा शेजारी असतो, पण कित्येक कतब्यांवर जॉन डो यासारखीं कायद्यांतील कल्पित नांवेंही आढळतात. त्यांस मामा किंवा मेहुणा समजणारा शोधक फसतो.

हे कागद शोधावे कोठें, हें परवाना कोणी दिला यावर अवलंबून असतें. वधूवर एकाच बिशपच्या क्षेत्रांतील असल्यास त्या क्षेत्राच्या दप्तरांत. कॅंटरबरीच्या आर्चबिशपच्या प्रांतांतील दोन वेगळ्या क्षेत्रांतील असल्यास त्या आर्चबिशपच्या व्हिकर-जनरलकडे. एक कॅंटरबरीच्या प्रांतांतील व दुसरें यॉर्कच्या, असें असल्यास फॅकल्टी ऑफिसकडे. या शेवटल्या दोन कचेऱ्यांचे कागद लंडनच्या लँबेथ पॅलेस ग्रंथालयांत आहेत.

मुंबईशींही या विषयाचा धागा जुळतो. मुंबई इलाख्यांतील चर्चमध्यें झालेल्या बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नकला लंडनला पाठविल्या जात. १७०९ ते १९४८ पर्यंतच्या अशा नकला ब्रिटिश लायब्ररींत आहेत. छापील नमुन्यावरील विवाहाच्या नोंदींत लग्न पुकारानें लागलें कीं परवान्यानें, हेंही लिहिलेलें असतें. ज्यांचे पूर्वज या इलाख्यांत नोकरी-व्यापारानिमित्त राहिले अशा इंग्रज कुटुंबांस, आणि या चर्चमध्यें विवाह झालेल्या येथील ख्रिस्ती कुटुंबांसही, ही छोटी टीप पुढच्या शोधाची वाट दाखविते.

सारांश, परवान्याचा कागद हातीं येतांच त्यांतील प्रत्येक नांव, गांव व वय वेगळें लिहून काढावें. मग चर्चची नोंदवही, जामिनाचें व वधूपित्याचें मृत्युपत्र आणि पहिल्या अपत्याचा बाप्तिस्मा यांशीं तें एकेक ताडून पाहावें. जें दोन ठिकाणीं जुळेल तें शाईनें लिहावें. जें एकाच ठिकाणीं आढळेल तें पेन्सिलीनें.