डिझेल ट्रकचे तडकलेले हेड

कंदिलाची काच तापलेली असताना तिच्यावर पाण्याचा एक थेंब पडला तर काय होते, हे जुन्या माणसांना सांगायला नको. टचकन आवाज होतो आणि काच तडकते. चुलीवरून उतरवलेला बिडाचा तवा लगेच थंड पाण्यात बुडवला तर त्याचीही तीच गत. हीच गोष्ट ट्रकच्या इंजिनात घडली, तर मात्र ऐन हंगामातले आठ-दहा दिवस गाडी उभी राहते आणि कर्जाचा हप्ता तर थांबत नाही. म्हणून इंजिनाचे हेड का तडकते, ते कसे ओळखायचे आणि त्यावर उपाय काय, याचा आज थोडा विचार करू.

हेड म्हणजे सिलिंडरवरचे झाकण. सिलिंडरच्या नळकांड्यात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखाली होत असतो. झाकणात हवा आत घेणारा एक व्हॉल्व्ह, धूर बाहेर सोडणारा दुसरा, डिझेल फवारणारा नोझल आणि या सर्वांभोवती पाणी खेळवणाऱ्या पोकळ्या असतात. बहुतेक ट्रकचे हेड बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असते.

रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. त्यात ठिणगी नाही. हवा सुमारे सोळा-अठरा पट दाबली की ती पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. शिक्षकांनी मुलांना सायकलचा पंप भराभर मारून त्याचे टोक हाताला लावायला सांगावे. दाबलेली हवा तापते, हे लगेच पटेल.

पेटलेला वायू क्षणभर दोन हजार अंशांच्या आसपास जातो. म्हणजे हेडच्या एका अंगाला ही आग आणि दुसऱ्या अंगाला ऐंशी-नव्वद अंशांचे पाणी. पाणी पुरेसे आणि खेळते असेल तोवर बीड हे सारे सोसते. पाणी कमी पडले की धातू एका जागी जास्त फुगतो, शेजारची जागा त्याला फुगू देत नाही. बीड वाकून घेणारे नाही, ते तडकते. दोन व्हॉल्व्हमधली चिंचोळी पट्टी सर्वांत जास्त तापते; म्हणून तडा बहुधा तिथेच जातो.

आता घाटातले चित्र डोळ्यांपुढे आणा. मे महिन्याची दुपार, भरलेला ट्रक कसाऱ्याचा घाट चढतो आहे, रेडिएटरमधून वाफ निघू लागली. क्लीनर उडी मारून उतरतो, झाकण उघडतो आणि बादलीभर गार पाणी आत ओततो. येथे दोन चुका झाल्या. झाकणाखाली दाब असतो, त्यामुळे उकळते पाणी तोंडावर उडून माणूस भाजतो. आणि तापलेल्या बिडावर गार पाणी पडून कंदिलाच्या काचेचा प्रकार होतो. गाडी कडेला घेऊन, इंजिन बंद करून तासभर थांबावे. चांगले निवल्यावरच झाकण हळूहळू सैल करून थोडे थोडे पाणी घालावे. तासाभराचा उशीर हा नव्या हेडपेक्षा नेहमीच स्वस्त पडतो.

आणखी एक लक्षात ठेवा. पाणी फार खाली गेले तर तापमानाच्या काट्याचा संवेदक कोरडा पडतो आणि काटा खालीच राहतो. काटा खाली आहे, म्हणजे इंजिन थंड आहे, असे नेहमीच नसते.

मग हेड तडकले हे ओळखायचे कसे? पहिली खूण, पाणी रोज कमी होते, पण गाडीखाली थेंबही दिसत नाही. दुसरी, थंड इंजिन चालू केल्यावर रेडिएटरच्या पाण्यात एकसारखे बुडबुडे येतात. किंवा पाणी तापण्याआधीच रबरी नळी दाबून पाहिली तर टणक लागते. सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे, असा याचा अर्थ. तिसरी, इंजिन तापल्यावरही पांढरी वाफ धुराबरोबर येत राहते. थंडीच्या सकाळी थोडा वेळ पांढरा धूर दिसला तर घाबरू नये. त्याला कच्च्या डिझेलचा वास येत असेल, तर दोष नोझलकडे असू शकतो. चौथी खूण, ऑइल पाहण्याच्या पट्टीवर दुधाळ, चहासारखे ऑइल दिसते. असे दिसले की गाडी पुढे चालवू नये. पाणी मिसळलेले ऑइल बेअरिंगांना वंगण देत नाही.

सकाळी स्टार्टर मारताच इंजिन अडल्यासारखे थांबले, तर पुन्हा पुन्हा जोर करू नका. रात्रभर सिलिंडरमध्ये पाणी साचलेले असू शकते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो.

पण थांबा! या खुणा एकट्या हेडच्या नव्हेत. हेडखालचे गॅस्केट जळले, लायनरला भोक पडले किंवा ऑइल कूलर फुटला, तरी यांतल्या काही खुणा दिसतात. म्हणून इंजिन थंड असताना रेडिएटरला हातपंपाने, झाकणावर लिहिला असेल तेवढाच दाब द्यावा आणि काटा उतरतो का पाहावे. खालचे चेंबर काढून पाण्याचा थेंब कोठून येतो, तेही पाहावे. कोणत्या सिलिंडरचा दोष आहे हे शोधण्यासाठी जुन्या इंजिनात मिस्त्री चालू इंजिनाची डिझेलची नळी सैल करून पाहत. आजच्या कॉमन रेल इंजिनात हे कधीही करू नये. तेथे डिझेलचा दाब हजार वातावरणांच्याही वर जातो आणि बारीक धार कातडी भेदून आत शिरते.

हेड उतरवल्यावर ते स्वच्छ धुऊन, सरळ पट्टी व फीलर गेजने वाकले आहे का, ते मोजतात. तडा शोधण्याची जुनी रीत सोपी आहे : रॉकेल लावून पुसावे, वर खडूची पूड चोळावी, भेगेतले रॉकेल वर येऊन रेघ उमटते. आता त्यासाठी लाल रंग आणि पांढरी पावडर मिळते. पण पक्की परीक्षा एकच. पाण्याची सर्व तोंडे बंद करून, आत हवेचा दाब देऊन हेड गरम पाण्याच्या टाकीत बुडवतात. बुडबुडे आले, तिथे तडा.

दुरुस्तीच्या दोन मुख्य रीती आहेत. एकीत तड्याच्या टोकांना भोके पाडून तो पुढे जाणे थांबवतात आणि तड्याच्या रेषेवर एकमेकांत गुंतणारे आटेदार खिळे बसवतात. गोधडीला टाके घालावेत तसे. यात उष्णता लागत नाही. दुसरी वेल्डिंगची. बिडात तीन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त कार्बन असल्याने ते ठिसूळ असते. म्हणून सबंध हेड भट्टीत तापवून जोडावे लागते आणि मग फार सावकाश निववावे लागते. रस्त्याकडेला थंड हेडवर मारलेली साधी वेल्डिंग शेजारीच नवा तडा पाडते. तडा व्हॉल्व्हच्या बैठकीतून नोझलच्या भोकापर्यंत गेला असेल, तर नवे हेड घेणेच बरे. रेडिएटरमध्ये ओतायची औषधे फार तर गॅरेजपर्यंत पोचवतील.

दुरुस्त झालेल्या हेडची दाबपरीक्षा पुन्हा झालीच पाहिजे. बसवताना गॅस्केट नवे, आणि बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, कंपनीच्या पुस्तकातील मापाप्रमाणे टॉर्क पान्याने आवळावेत.

आमच्या तालुक्यातील एका ट्रकमालकाने सहा महिन्यांत दोनदा हेड बदलले. तिसऱ्यांदा गाडी तापली तेव्हा एका वयस्क मिस्त्रीने हेडला हातच लावला नाही. त्याने रेडिएटर उतरवला. विहिरीच्या जड पाण्याच्या क्षाराने निम्म्या नळ्या बुजलेल्या होत्या. दोन हेडांचे पैसे गेले ते एका रेडिएटरपायी.

तेव्हा हेड तडकणे हा रोग नव्हे, ते रोगाचे लक्षण आहे. नवे हेड बसवण्याआधी रेडिएटर, पंख्याचा पट्टा, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट तपासून घ्या. शुद्ध पाणी आणि त्यात कंपनीने सांगितलेले कूलंट वापरा. आणि रोज सकाळी इंजिन थंड असताना पाणी व ऑइल पाहण्याची सवय ठेवा. त्याला दोन मिनिटे लागतात, आणि पैसा एकही लागत नाही.