हक्क वाढले, मग समाधानाचं काय?

लेखांक सहावा

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट लागू झालं. छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर सकाळी सिल्लोड, कन्नड, पैठणच्या गाड्या लागतात तेव्हा त्याचा अर्थ कळतो. सॅक अडकवलेल्या कॉलेजच्या मुली उतरतात. घाटी रुग्णालयात दाखल असलेल्या माणसाचा डबा घेऊन कुणी एकटीच उतरते. भाड्यासाठी नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही, हा फरक ज्यांनी तो हात पसरला आहे त्यांनाच नीट ठाऊक.

हक्कांची ही वाट गेल्या तीस वर्षांत टप्प्याटप्प्याने रुंद होत गेली. १९९४ मध्ये महाराष्ट्राने देशातलं पहिलं महिला धोरण आणलं आणि त्याच वर्षी वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला. केंद्राला तसा कायदा करायला २००५ उजाडावं लागलं. २०११ पासून राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव झाल्या. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये थेट तिच्या खात्यात येऊ लागले.

मग बाई आधीपेक्षा सुखी झाली का?

या प्रश्नाचं सगळ्यात गाजलेलं उत्तर अमेरिकेतून आलं. बेट्सी स्टीव्हन्सन आणि जस्टिन वुल्फर्स या अर्थतज्ज्ञांनी २००९ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. तिथे १९७२ पासून एक राष्ट्रीय पाहणी होत आली आहे. तिच्यातला एक प्रश्न साधा आहे: एकंदरीत पाहता तुम्ही खूप सुखी आहात, बऱ्यापैकी सुखी आहात, की फारसे सुखी नाही? सत्तरच्या दशकात तिथल्या बायका पुरुषांपेक्षा जास्त सुखी असल्याचं सांगत. पुढच्या पस्तीस वर्षांत शिक्षण वाढलं, पगार वाढले, कायदे बदलले, आणि बायकांची ही आघाडी पुसली गेली. युरोपातल्या अनेक देशांतही कल तोच दिसला.

हा निष्कर्ष हाती लागताच ‘बघा, घरात होत्या तेच बरं होतं’ असं म्हणणारे पुढे आले. आपल्याकडेही लग्नाच्या पंगतीपासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत हे वाक्य कानावर पडतं. ते चूक आहे, आणि का चूक आहे हे नीट समजून घ्यायला हवं.

त्यासाठी आधी १९४४ सालात जावं लागेल. बंगालच्या दुष्काळाला वर्ष झालं होतं. कोलकात्याजवळच्या सिंगूरमध्ये अखिल भारतीय आरोग्य संस्थेने विधवा आणि विधुरांना त्यांच्या तब्येतीबद्दल विचारलं. जवळजवळ निम्म्या विधुरांनी तब्येत बिघडलेली किंवा बेताची असल्याचं सांगितलं. तशी तक्रार करणाऱ्या विधवा होत्या फक्त अडीच टक्के. त्या काळातल्या बंगाली विधवेच्या ताटात काय पडत होतं हे माहीत असलेला कुणीही या आकड्यावरून ‘विधवा ठणठणीत होत्या’ असं म्हणणार नाही. अमर्त्य सेन यांनी ही पाहणी पुढे वारंवार मांडली. आपल्या वाट्याला याहून बरं काही येऊ शकतं, ही कल्पनाच जिथे नसते तिथे माणूस ‘ठीक आहे’ म्हणतो. तक्रार करायलाही आधी हक्काची जाणीव लागते.

हे जुनं झालं असं मानायचं कारण नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ४५ टक्के बायकांनी काही ना काही कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणं रास्त ठरवलं. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ५२ टक्के होतं. त्या सात टक्क्यांच्या फरकात ज्या बायका आहेत, त्यांना काल जे नशीब वाटत होतं ते आज अन्याय वाटतं. उद्या कुणी त्यांना समाधान विचारलं, तर उत्तराचा आकडा खाली येऊ शकतो. तो खाली आला म्हणून त्यांचं बिघडलं असं कसं म्हणायचं?

अर्थात सगळं काही जाणिवेवर ढकलूनही चालणार नाही. स्वातंत्र्याची किंमत खरीच मोजावी लागते, आणि मराठवाड्यात ती सगळ्यात उघड दिसते ती हक्कसोडपत्रात.

वडील गेले की वारसांची नावं सातबाऱ्यावर चढतात. त्यात बहिणींचीही असतात. मग एक दिवस भाऊ गाडी करून बहिणीला दुय्यम निबंधक कार्यालयात नेतो. तिथे मजकूर आधीच टाइप केलेला असतो. ती खुर्चीवर बसते, पदर सावरून समोरच्या छोट्या कॅमेऱ्याकडे पाहते, यंत्रावर अंगठा ठेवते. ‘राजीखुशीने’ असं कागदावर लिहिलेलं असतं. पुढे तलाठी फेरफार घेतो आणि तिचं नाव उताऱ्यावरून कमी होतं. दिवाळीला भाऊ साडी आणतो, भाऊबीज होते, माहेर शाबूत राहतं. पाहणीवाल्याने विचारलं तर ती समाधानी असल्याचं सांगेल, आणि त्या घडीला ते खरंही असेल. दुसरी बहीण सही करत नाही. कायदा पूर्णपणे तिच्या बाजूने आहे. ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा हा हक्क जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलं. पण तिला लग्नाचं बोलावणं येत नाही, बाळंतपणाला माहेरी जाता येत नाही, आईशी फोनवर बोलायचं तरी चोरून. हिला सुखाचा प्रश्न विचारला तर?

पहिली बाई सुखी आणि दुसरी दुःखी निघाली, तर तो दोष हक्काचा नव्हे. तो त्या भावांचा आहे, ज्यांनी माया आणि जमीन एकाच तराजूत घातली. हे वेगळं घडू शकतं याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. त्यानंतर संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन करून दिली.

दुसरी किंमत वेळेची. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती. जे थोडे पुरुष घरकामाला हात लावत होते त्यांची ९७. पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, बायकांची मिनिटं २८९ वर आली. पुरुषांची वाढायला हवी होती. ती ८८ वर घसरली. मुळात दिवसभरात घरातलं काही काम करणारे पुरुषच जेमतेम २७ टक्के. वाळूजच्या कंपनीत पाळी करून आलेली बाई चपला काढल्या काढल्या कणीक मळायला घेते, कारण तिला कामावर जायची मोकळीक मिळाली, पण ओट्यावरून सुटका मिळाली नाही.

आणि कमाई म्हणजे आपोआप स्वातंत्र्य, हा समज तर बीडच्या ऊसतोड बायकांनी कधीच खोटा ठरवला आहे. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. उचल मुकादमाकडून घेतो नवरा. पहाटे भाकरी थापून मोळ्या बांधायला निघते बायको. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत बीडमधल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, अशा कामाला स्वातंत्र्य म्हणता येत नाही.

त्या अमेरिकी निबंधातली एक नोंद मात्र फारशी कुणी सांगत नाही. त्याच काळात तिथल्या काळ्या स्त्रियांनी सांगितलेलं समाधान घटलं नाही, वाढलं. ज्यांना अगदी तळातून वर यायचं होतं, त्यांना हक्कांचा फायदा थेट जाणवला असावा. संभाजीनगरात ही गोष्ट समजायला फार लांब जावं लागत नाही. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे महाविद्यालय काढलं, तेच पुढचं मिलिंद. ज्या घरांत आधी कुणीच शिकलेलं नव्हतं, त्या घरांतल्या मुली त्या वाटेने पुढे शिक्षिका, नर्स, प्राध्यापक झाल्या. त्यांच्यापैकी कुणालाही विचारावं, परत जायचंय का?

पुढच्या आठवड्यात पुरुषांकडे वळू: बायको कमावती झाली की नवऱ्याच्या समाधानाचं काय होतं, आणि कोणत्या घरांत ते वाढतं.