हवेचे कोठार

सोळा फुटांहूनही किंचित उण्या अशा उघड्या नावेत माणसाने बसावे कोठे आणि आपला सरंजाम ठेवावा कोठे, हा प्रश्न वरकरणी सुताराचा भासतो. परंतु इयान प्रॉक्टर या इंग्रज नौकाशिल्पकाराने १९५७ साली ‘वेफेअरर’ नामक शिडाची नाव रेखिली, तेव्हा त्याने तो आधी हवेच्या हिशेबाने सोडविला. नावेच्या दोन्ही टोकांस एकेक खण आडव्या भिंतीने बंदिस्त केलेला असे. नाव उलटली असता तिला तरंगत ठेवणे हे त्या खणांचे मूळ कर्तव्य, आणि तंबू, शिधा व कोरडे कपडे सांभाळणे ही त्यांच्याकडे सोपविलेली जादा कामगिरी. अर्थात सामानासाठी ठेवलेले दार हे हवेच्या कोठारास पाडलेले भोकच होय, आणि झाकणाची रबरी पट्टी झिजली, की शिध्याबरोबर तरण्याची हमीही भिजते.

या तरतुदीची कसोटी दर्यावर्दी फ्रँक डाय यांनी पाहिली. १९६३ साली ते ‘वाँडरर’ नावाच्या वेफेअररमधून स्कॉटलंडहून आइसलंडला पोहोचले. पुढल्या वर्षी नॉर्वेकडे जाताना वादळात नाव चार वेळा उलटली, डोलकाठी मोडली, तरी तरंगण्यात ती कसूर करीना.

हौशी मालकास मात्र एवढ्याने समाधान नसते. त्याला बाकाखाली पेटी हवी असते. पेटी अवश्य करावी, पण मधली आडवी बैठक ही निव्वळ बैठक नसून खाली-वर होणाऱ्या पात्याच्या कोशास आधार देणारी तुळई आहे, हे विसरून तिला करवत लावू नये. तळाशी साचणाऱ्या पाण्याची वाट अडवू नये. आणि जड वस्तू मध्यभागी, खाली, घट्ट बांधून ठेवाव्यात, कारण टोकास भार पडला की नाव लाटेवर चढण्यास आळस करते. माझ्या मते खिळ्यांनी जडविलेल्या पेटीपेक्षा बाजूच्या फळीखाली ताणलेली जाळी श्रेष्ठ. रात्री कोशाच्या दोहो अंगांस पथाऱ्या पसरावयाच्या असतात, तेव्हा तीच दिवसाची पेटी नडगीस लागते.

पाणी उपसण्याची बादली तेवढी कोणत्याच खणात ठेवीत नाहीत. ती हाताशी, दोरीने बांधून, उघड्यावरच असते.