धडधड कोठून येते?

परीक्षेत छाती धडधडते, पाठ केलेले आठवत नाही. मग आपला पोरगा ‘मनाने दुबळा’ ठरतो. पण धडधडीचे मूळ त्याच्या मनात आहे की वर्गात? कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत मुलांना भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. जात पुकारली नाही तेथे दलित मुले सवर्णांच्या बरोबरीने होती. सर्वांसमोर पुकारली तेथे मागे पडली. त्यांनी याला चिंता म्हटले नाही. आपल्याला ती ओळखीची आहे. संथ श्वास, पुरी झोप, गरज पडल्यास डॉक्टर, यांत कमीपणा कसला? पण शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्याने वाचणे शिक्षकांनी आधी थांबवावे. विद्यार्थ्याला बाजूला बोलावून अर्ज द्यावा.